मूळ संच राहिला नाही

जर्मनीत राहायला जाणाऱ्या मराठी माणसाची तयारी तशी चोख असते. मॅक्सम्युलर भवनात तो रेल्वेचं तिकीट मागायला शिकतो, डॉक्टरला पोटात नेमकं कुठे दुखतंय ते सांगायला शिकतो, हवामानावर चार वाक्यं न अडखळता बोलायला शिकतो. पण कचेरीतल्या काळ्या टी-शर्टातल्या, पांढऱ्या दाढीच्या, साठीकडे झुकलेल्या गृहस्थाला राजकारणावर मत विचारू नये, हा धडा कुठल्याच पुस्तकात नसतो. नवखा माणूस भाषेचा सराव म्हणून विचारतो, ‘‘नवं सरकार कसं वाटतं?’’ उत्तर येतं, ‘‘गाणारा ठीक आहे. बेस वाजवणारा कच्चा आहे. पण पहिल्या अल्बमची सर कशालाच नाही.’’ नवख्याला वाटतं, आपलं व्याकरण चुकलं. तो घरी जाऊन चतुर्थी विभक्ती पुन्हा घोकतो. व्याकरण बरोबरच असतं. आपण एका जर्मन रॉकप्रेमीच्या तावडीत सापडलो आहोत, एवढंच बिचाऱ्याला उमगलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, आणि ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे, की रॉकप्रेमी माणसाचं संगीतावर एक मत आणि चालू घडामोडींवर दुसरं, असं नसतंच मुळी. त्याच्याकडे एकूण एकच मत असतं. ते साधारण सतराव्या वर्षी तयार होतं आणि पुढची चाळीस वर्षं पेन्शन, रेल्वे, युरोप, गॅसचं बिल या सगळ्यांना पुरवून पुरवून वापरलं जातं. ते मत म्हणजे, मूळ संच चांगला होता. जगातली प्रत्येक संस्था त्याच्या लेखी एक बँड असते. ती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जन्माला येते, पहिला अल्बम अस्सल काढते, दुसरा बरा काढते, तिसऱ्यात पैशाच्या मागे लागते. मग गिटारवाला भांडून बाहेर पडतो, मग निरोपाचा दौरा निघतो, आणि मग निरोपाच्या दौऱ्यानंतरचा दौरा. डिसेंबर २०२१ मध्ये सोशल डेमोक्रॅट, ग्रीन आणि फ्री डेमोक्रॅट अशा तीन पक्षांचं सरकार आलं, तेव्हा विश्लेषकांनी धोरणांचे आराखडे उलगडून दाखवले. रॉकप्रेमीनं विचारलं, तिघंही पुढे उभे राहून गाणार, तर मागे वाजवणार कोण? ६ नोव्हेंबर २०२४ रोजी चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी अर्थमंत्री ख्रिस्टियान लिंडनर यांना घरी पाठवलं आणि सरकार मोडलं. आराखडे रद्दीत गेले, रॉकप्रेमीचा प्रश्न शाबूत राहिला. पुढे ६ मे २०२५ रोजी चॅन्सेलरपदासाठी संसदेत मतदान झालं, तेव्हा फ्रीडरिश मेर्त्स पहिल्या फेरीत चक्क पडले. हवी होती ३१६ मतं, मिळाली ३१०. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ते निवडून आले. युद्धोत्तर जर्मनीत असं कधी घडलं नव्हतं म्हणून सगळा देश हवालदिल, रॉकप्रेमी मात्र निवांत. ‘‘साउंडचेकला माइक बंद पडला. होतं असं.’’ हे विश्लेषण उथळ आहे हे मला मान्य आहे. माझी अडचण एवढीच की टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी तासभर बोलून याहून फारसं वेगळं काही सांगितलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. गिटारच्या तारांवरून राज्यकारभार कळतो, हे या माणसाला सांगितलं कुणी? इतिहासानं सांगितलं, आणि एकदा नाही, वरचेवर सांगितलं. ६ जून १९८७ रोजी डेव्हिड बोवी पश्चिम बर्लिनमध्ये राइशटागसमोर, भिंतीच्या अगदी जवळ गायला. पलीकडे पूर्व बर्लिनची पोरं फुकट ऐकायला जमली आणि त्या दिवसांत त्यांची पोलिसांशी झटापटही झाली. १९ जुलै १९८८ ला ब्रूस स्प्रिंगस्टीन तर थेट पूर्व बर्लिनमध्येच गायला, सायकलशर्यतीच्या मैदानावर, दीड लाखाहून जास्त माणसांपुढे. भरवणारी होती कम्युनिस्टांची युवक संघटना, आणि तिकिटावर छापलं होतं की कार्यक्रम निकाराग्वासाठी आहे. पुढच्या वर्षी ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. आता इथे इतिहासकार घसा खाकरून हंगेरीची सीमा, लाइपझिगचे सोमवारचे मोर्चे, गोर्बाचेव्ह आणि खंगलेली अर्थव्यवस्था अशी कारणं सांगू लागतात. शेवटचा धक्का तर ग्युंटर शाबोव्स्की नावाच्या पक्षाच्या प्रवक्त्यानं दिला. हातात दिलेला कागद नीट न वाचताच तो पत्रकार परिषदेला बसला, प्रवासाची नवी मुभा कधीपासून असं कुणी विचारल्यावर कागद उलटसुलट करून ‘लगेच’ म्हणाला, आणि रात्री माणसं फाटकांवर धडकली. ही हकिगत कुठल्याही रॉकगीताहून थरारक आहे, पण तिला चाल नाही. म्हणून रॉकप्रेमीच्या लेखी भिंत पाडली बोवी आणि स्प्रिंगस्टीननं, शाबोव्स्कीनं फक्त निवेदन केलं. त्याला खोडून काढायची सोय जर्मन सरकारनंही ठेवलेली नाही. जानेवारी २०१६ मध्ये बोवी गेला, तेव्हा भिंत पाडायला हातभार लावल्याबद्दल जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयानं त्याचे जाहीर आभार मानले. परराष्ट्र मंत्रालयाची पावती खिशात असताना इतिहासकाराला विचारतो कोण?

या सिद्धांतावर एकच डाग आहे. त्याचं नाव डेव्हिड हॅसलहॉफ. याचं ‘लुकिंग फॉर फ्रीडम’ १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री लुकलुकत्या दिव्यांचं जाकीट घालून, क्रेनच्या पाळण्यात उभा राहून तो बर्लिनच्या भिंतीपाशी ते गायला. ‘‘मग भिंत हॅसलहॉफनंही पाडली म्हणायची का?’’ असं विचारलं की रॉकप्रेमी दुखावतो. ‘‘ते रॉक नव्हे,’’ तो म्हणतो. म्हणजे साम्राज्य कोसळवल्याचं श्रेय कुणाला द्यायचं, हे गिटार किती खरखरते त्यावर ठरतं. स्कॉर्पिअन्सचं ‘विंड ऑफ चेंज’ हे त्याहून अवघड जागेचं दुखणं. हॅनोव्हरच्या या बँडच्या क्लाउस माइननं ते लिहिलं ऑगस्ट १९८९ च्या मॉस्कोतल्या महोत्सवानंतर, आणि अल्बम बाजारात आला नोव्हेंबर १९९० मध्ये. तोवर भिंत उघडून वर्ष झालं होतं, दोन्ही जर्मनींचं एकीकरणही आटोपलं होतं. तरीही भिंतीवर घाव घालणारी माणसं डोळ्यांपुढे आणली की मागे तेच गाणं वाजतं. साठीतल्या अनेकांना ते त्या रात्री रेडिओवर ऐकल्याचं लख्ख आठवतं. तारखा दाखवल्या तर शांतपणे म्हणतात, ‘‘तारखा चुकल्या असतील.’’

पूर्वेकडच्या रॉकप्रेमीचं दुःख थोडं निराळं, आणि खरं सांगायचं तर जास्त वजनाचं. तिथे १९५८ पासून नियम होता की वाजणाऱ्या शंभर गाण्यांतली साठ समाजवादी देशांतली हवीत. १९६५ च्या डिसेंबरात पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा वाल्टर उल्ब्रिख्त यांनी पक्षाच्या बैठकीत बीटल्सछाप ‘ये-ये-ये’वर तोंडसुख घेतलं. त्या राज्यात पश्चिमेला जायची मुभा होती ती निवृत्तांना, त्यामुळे रोलिंग स्टोन्सच्या तबकड्या देशात यायच्या त्या आजीच्या पिशवीतून, लोकरीच्या गुंड्यांखालून. क्रांतीच्या इतिहासात आजीचा उल्लेख असायला हवा, पण आजी बँडमध्ये नव्हती. आता सगळं संगीत फोनवर मिळतं, कुणी काही बोलत नाही, आणि हीच या माणसाची तक्रार. ‘‘तेव्हा एका गाण्यासाठी नोकरी जाऊ शकायची,’’ तो उसासतो. ‘‘मग आता बरं नाही का?’’ ‘‘बरं आहे. पण गाणी तशी राहिली नाहीत.’’

दुसरा आक्षेप असा की तो काळ गेला, आज राज्यकर्ते रॉकला विचारतात कुठे? विचारतात म्हणजे काय, पायउतार होतानासुद्धा त्यांना तोच लागतो. जर्मनीत चॅन्सेलर, राष्ट्राध्यक्ष किंवा संरक्षणमंत्री पदावरून गेला की लष्कर रात्री मशाली पेटवून त्याला मानवंदना देतं. शिरस्त्राणं, कडक पावलं, हुकूम, आणि मध्येच लष्करी बँड पाहुण्याच्या पसंतीची गाणी वाजवतो. मार्च २०११ मध्ये संरक्षणमंत्री कार्ल-थेओडोर त्सु गुटेनबर्ग यांना जावं लागलं, कारण त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात दुसऱ्यांचं लिखाण पानोपानी सापडलं. (छापखानावाल्या गुटेनबर्गशी यांचं नातं नाही, छापलेलं पुन्हा छापायची हौस तेवढी सारखी.) त्यांनी फर्माईश केली डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची. जगातला प्रत्येक नवशिका गिटारवाला ज्या सुरावटीची पहिली नक्कल करतो, तीच नेमकी. २०१९ मध्ये उर्सुला फॉन डेर लायन यांनी संरक्षण खातं सोडताना ‘विंड ऑफ चेंज’ मागितलं. लष्कराच्या तोफा-विमानांच्या दुरुस्तीवर टीका होत असताना वाऱ्याचं गाणं, हे रॉकप्रेमीच्या नजरेतून सुटलं नाही. २ डिसेंबर २०२१ रोजी अँगेला मेर्कल यांनी नीना हागेनचं १९७४ सालचं पूर्व जर्मन गाणं निवडलं. सहलीला रंगीत फिल्म न्यायला विसरलेल्या प्रियकराला एक मुलगी त्यात झापते. त्या रात्री सोळा वर्षांच्या कारकिर्दीवर अग्रलेख लिहिले गेले, रॉकप्रेमीनं मात्र तिथेच गुण देऊन टाकले: युरोचं संकट जेमतेम पास, निर्वासितांचा प्रश्न वादग्रस्त, नीना हागेन पैकीच्या पैकी. मे २०२५ मध्ये शोल्त्स यांनी बीटल्स, बाख आणि अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ घेतलं. ‘‘तिन्हींना खूश करायचा प्रयत्न,’’ निकाल आला. ‘‘सरकारसुद्धा असंच चालवलं.’’

नुसती गाणीच नाहीत, माणसंही त्याच गल्लीतून आलेली. ‘कुणालाच सत्ता नको’ अशा अर्थाचं नाव असलेला अल्बम १९७२ मध्ये काढणारा टोन श्टाइने शेर्बेन हा बर्लिनचा बंडखोर बँड १९८५ मध्ये कर्जात बुडून फुटला. त्याच्या अखेरच्या वर्षांत व्यवस्थापक असलेल्या क्लाउडिया रोट पुढे २०२१ ते २०२५ देशाचं सांस्कृतिक खातं सांभाळत होत्या. सिग्मार गाब्रिएल २००३ मध्ये आपल्या राज्यात निवडणूक हरले, तेव्हा पक्षानं त्यांना पॉप संगीताचे प्रतिनिधी नेमलं. लोकांनी ‘सिगी पॉप’ म्हणून टर उडवली. सिगी पॉप पुढे उपचॅन्सेलर झाला, परराष्ट्रमंत्रीही झाला. २०१३ च्या निवडणुकीच्या रात्री मेर्कल यांच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी मंचावर डी टोटेन होझेन या पंक बँडचं गाणं इतकं बेसूर गायलं की नंतर खुद्द मेर्कल यांनी गायक कांपिनोला फोन करून दिलगिरी व्यक्त केली. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये करोनानं कार्यक्रम बंद पडले असताना डी एर्त्से या पंक बँडनं ‘टागेसथेमेन’ या रात्रीच्या बातम्यांची शीर्षकधून स्टुडिओत उभं राहून वाजवली. ज्या देशात बातम्यांच्या आधी पंक वाजतो, तिथे पंकवाल्यानं बातम्यांवर बोलू नये हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिसरा आक्षेप तरुणांचा. रॉक म्हणजे बंड ना, मग हे पेन्शनच्या वयातले टापटीप बंडखोर कसले? हा आक्षेप मला बिनतोड वाटला असता, पण वाकन नावाचं गाव आडवं येतं. श्लेसविग-होल्स्टाइनमधलं हे जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं. १९९० मध्ये तिथे आठशे माणसं जमवून हेवी मेटलचा महोत्सव सुरू झाला, आज सुमारे ८५ हजार येतात. सैतानाच्या शिंगांचे टी-शर्ट घातलेल्या या जनसागरापुढे महोत्सवाची नांदी वाजवतो तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बँड. २०१७ मध्ये शेताखालून कित्येक किलोमीटर नळ टाकून बिअरची पाइपलाइन करण्यात आली आणि महोत्सवाच्या दिवशी ती चालूही झाली. बर्लिनचा नवा विमानतळ ठरल्या वेळेहून नऊ वर्षं उशिरा, ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला. पायाभूत सुविधांवर रॉकप्रेमीचं मत यापुढे वेगळं विचारायची गरज नाही. त्याला विमानतळ वाकनवाल्यांच्या हाती द्यायचा आहे, आणि धावपट्टीखाली पाइपलाइन हवी आहे. २०२३ मध्ये पावसानं शेतांचा असा राडा केला की तिकीट काढलेल्या अनेकांना अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं. आत पोचलेल्या गाड्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला बांधून ओढल्या. दंगल? मुळीच नाही. गुडघाभर चिखलात माणसं रांगेत उभी होती आणि रांग सरळ होती. कचऱ्याची पिशवी भरून परत दिली तर अनामत मिळते, प्लास्टिकचा पेला परत दिला तरी मिळते, म्हणून प्रलयाची गाणी ऐकून झाल्यावर हे लोक पेले मोजतात. जून २०१७ मध्ये न्युरबुर्गरिंगच्या ‘रॉक आम रिंग’मध्ये घातपाताच्या शंकेवरून पोलिसांनी मैदान रिकामं करायला सांगितलं. ८० हजारांहून अधिक माणसं मुकाट्यानं, एकमेकांना वाट देत बाहेर गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. माझा स्वतःचा बंडखोरपणा फार तर रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालण्यापर्यंत जातो, त्यामुळे मी यांना नावं ठेवत नाही. पण रविवारी दुपारी शेजाऱ्यानं भिंतीत खिळा ठोकला तर घरमालकाला पहिलं पत्र जातं ते याच गृहस्थाचं, हे नोंदवणं भाग आहे. आयुष्यभर कानठळ्या विकत घेतलेल्या माणसाला फुकटचा आवाज सहन होत नाही.

खरी गंमत पेन्शनच्या प्रश्नावर येते. २००७ च्या कायद्यानं जर्मनीत निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्यानं ६७ कडे चाललं आहे, आणि रॉकप्रेमी त्यावर तापलेला असतो. माणसाला किती राबवायचं, काही मर्यादा? तेवढ्यात कुणीतरी स्कॉर्पिअन्सचं नाव काढतो. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या बँडनं जानेवारी २०१० मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला. माइन आणि रूडोल्फ शेंकर दोघंही १९४८ चे. त्या निरोपानंतर त्यांनी नवे अल्बम काढले, आणि जुलै २०२५ मध्ये हॅनोव्हरच्या स्टेडियमवर साठीचा सोहळाही केला. ‘‘यांनी आता थांबावं का?’’ ‘‘छे! अजून पंधरा वर्षं वाजवतील.’’ म्हणजे बस चालवणाऱ्यानं ६३ ला थांबावं आणि गाणाऱ्यानं ७७ व्या वर्षी उंच पट्टीतच गावं, अशी ही सामाजिक सुरक्षा आहे. रेल्वेवरचं मतही याच गोत्रातलं. डॉइचे बानच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर मानतात. तरीही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर आल्या. ‘‘सहा मिनिटांत रॅमोन्सची तीन गाणी होतात,’’ हा त्यावरचा अभिप्राय. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संगीताला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, तीही रॉक बँडची माजी व्यवस्थापक सांस्कृतिक मंत्री असताना! हा घाव त्याला युरोच्या आगमनापेक्षा खोल लागला. ‘‘बटण दाबायचं आणि नाचायचं, हा वारसा?’’ यावर टेक्नोवाले म्हणतात की तुमच्या बापानं गिटारबद्दल हेच म्हटलं होतं. बापाचा तो मुद्दा बरोबर होता असं अजून तरी एकाही रॉकप्रेमीनं मान्य केल्याचं ऐकिवात नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं. नुसती टर उडवू नका, असं जाणकार म्हणतात. वेळ आली तेव्हा हीच माणसं उभी राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये केमनित्समध्ये परकीयद्वेष्ट्यांनी रस्ते दणाणून सोडल्यावर तिथल्याच क्राफ्टक्लूबनं आणि डी टोटेन होझेनसारख्या बँडनी विनामूल्य कार्यक्रम केला, सुमारे ६५ हजार लोक आले, आणि राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी त्याची जाहिरात पुढे पाठवली म्हणून त्यांच्यावरही टीका झाली. २०१५ च्या सप्टेंबरात निर्वासितांवरचे हल्ले वाढले तेव्हा एका संगीतशिक्षकाच्या आवाहनावरून लोकांनी डी एर्त्सेचं नव-नाझींना सुनावणारं गाणं विकत घेऊन घेऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. हे सगळं खरं आहे आणि यावर हसण्यासारखं काही नाही. फक्त ते गाणं १९९३ सालचं होतं, एवढं नम्रपणे सांगतो. बावीस वर्षांनी देशावर संकट आलं, तेव्हाही या मंडळींनी नवं गाणं शोधायच्या आधी जुन्या तबकड्यांच्या कपाटाकडे धाव घेतली. औषध लागू पडलं हे त्यांचं भाग्य.

राहता राहिला आपल्या माणसांचा आक्षेप, की हे जर्मन खूळ आम्हाला कशाला सांगता? डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभं राहून पाहावं. ‘‘भीमसेनअण्णांनंतर काही राहिलं नाही हो,’’ असं म्हणत म्हणत माणसं मेट्रोपासून महापालिकेपर्यंत पोचतात, आणि मूळ संच तिथेही राहिलेला नसतो. फरक एवढाच की आपल्याकडच्या रसिकाच्या बंडीवर बिल्ले शिवलेले नसतात. जर्मनीत स्थिरावलेला मराठी रॉकप्रेमी तर दोन्हीकडून बाद झालेला प्राणी. त्याचा मूळ संच म्हणजे मुंबईत धोबीतलावचं रंगभवन, १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’, आणि कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला मेटॅलिका. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम थांबले, यावर तो आजही हळहळतो. हळहळतो कुठे बसून? तर रात्री दहानंतर अख्खाच्या अख्खा देश शांतता क्षेत्र होतो अशा ठिकाणी, आवाज खाली ठेवून. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला हा ढोल आणतो आणि शेजाऱ्यांना आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकतो. २०१९ मध्ये दिल्लीचा ब्लडीवूड ढोल घेऊन वाकनला वाजवून आला, तेव्हा याला आनंद झाला; पण विचारलं तर म्हणाला, ‘‘छान आहेत पोरं. रंगभवनला बघायला हवं होतं.’’ याची आई पुण्याहून फोनवर कांद्याचा भाव सांगते. हा म्हणतो, ‘‘आई, एकदा का मोठ्या कंपन्या आल्या की संपलं.’’ आईला वाटतं मुलगा शेतीमालाच्या बाजारपेठेवर बोलतोय. तो आयर्न मेडनच्या नव्या अल्बमवर बोलत असतो, पण दोघांचं एकमत होतं.

या सगळ्याचा कडेलोट २०२४ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या हुंबोल्ट फोरममध्ये झाला. पश्चिम जर्मनीच्या उडो लिंडनबर्ग या रॉकगायकानं १९८३ मध्ये पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिक होनेकर यांना उद्देशून पांकोच्या रेल्वेगाडीचं खट्याळ गाणं लिहिलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी त्याला पूर्व बर्लिनच्या प्रजासत्ताक प्रासादात गायला बोलावलं, पण नेमकं ते गाणं सोडून. पुढे तो प्रासाद पाडला आणि त्या जागी हुंबोल्ट फोरम उभं राहिलं. तिथे समूहगायनात हे गाणं आता घेतलं खरं, पण अमेरिकेतल्या आदिवासींवरून आलेला त्यातला एक शब्द खटकू नये म्हणून त्यावर ‘पीप’ केलं. देशभर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य एका बाजूला आणि दुखावलेल्या भावना दुसऱ्या बाजूला. रॉकप्रेमीला दोन्ही पक्षांनी आपल्या बाजूला ओढून पाहिलं. त्यानं बराच विचार केला.

‘‘१९८३ ला बरं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘तेव्हा तर गाणंच गाऊ दिलं नव्हतं!’’

‘‘हो, पण आवाजाची व्यवस्था चांगली होती.’’

‘‘तुम्ही आत होतात?’’

‘‘नाही, कॅसेटवर ऐकलं. पण कॅसेट तेव्हाची होती.’’